आबांचा सहा नंबर आणि मिनेसोटाची बदकं

गेल्या ऑगस्टातली गोष्ट. रविवार, रात्रीचे साडेआठ, ताटावर बसतच होतो आणि धाकट्या चुलतभावाचा व्हिडिओ कॉल आला. तो मिनेसोटात असतो, तेरा-चौदा वर्षं झाली, ग्रीन कार्ड वगैरे सगळं झालंय, आणि ऑफिसातल्या एका गोऱ्या मित्राच्या नादानं त्याला आता बदकांच्या शिकारीचं खूळ लागलंय. तिकडे सकाळ होती. मोठ्या दुकानात उभा होता आणि मागं भिंतभर काडतुसांच्या डब्या, आपल्याकडे किराणा दुकानात साबणाच्या वड्या लावतात तशा.

"दादा, आबा कुठलं काडतूस वापरायचे रे बदकाला?"

आबा म्हणजे आमचे आजोबा. मी घास तोंडात असतानाच सांगितलं, सहा नंबर, म्हणजे काडतुसातल्या छर्ऱ्यांच्या जाडीचा नंबर. एकदम ठाम, जसं काही मीच आयुष्यभर नांदूरच्या पाण्यात उभा राहून बार काढलेत. खरं म्हणजे मी एकही काढलेला नाही. पण आमच्या घरात 'बदकाला सहा नंबर' हे वाक्य 'वरणाला हिंग' या चालीवर बोललं जायचं, त्यात विचार करायचा असतो हेच कधी वाटलं नव्हतं.

तो म्हणाला, "सहा नंबर कशाचा पण? स्टीलचा, बिस्मथचा, का टंगस्टनचा? शिशाचा तर इथं चालतच नाही बदकाला, दंड होतो."

झालं. जेवण गार झालं आणि पुढचा महिनाभर मी रोज रात्री हेच वाचत बसलो, बायको म्हणाली सुद्धा, अहो तुम्ही पंप विकता का बंदुका.

थोडं मागं जातो. आमचं मूळ गाव निफाड तालुक्यात, गोदाकाठी, म्हणजे आम्ही गंगाच म्हणतो. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा इंग्रजांनी १९०७ ते १९१३ मध्ये बांधला, गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथं, आणि त्याच्या मागं गाळ साठत साठत जी दलदल झाली, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या, त्यावर हिवाळ्यात बदकं उतरायला लागली. आबांकडे एक विलायती दुनळी होती, बारा बोअरची, कुणा रिटायर होणाऱ्या साहेबाकडून घेतलेली. त्या काळात लायसनवर शिकार चालायची. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, मग १९९१ च्या दुरुस्तीनं उरलंसुरलं पण बंद झालं. आबांनी मात्र ७२ सालीच बंदूक तेल लावून गुंडाळून ठेवली ती ठेवलीच. नांदूर १९८६ ला अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतली) म्हणून जाहीर झालं. म्हणजे आमच्याकडे हा विषय कायमचा संपलाय, आणि तो संपलाय याचं मला वाईट वाटत नाही हे आधीच सांगतो, उगाच खाली कोणी भांडायला नको.

पण आबांच्या गोष्टी संपल्या नव्हत्या. त्यांचे नियम होते. वारकरी मारायचा नाही. वारकरी म्हणजे तो काळा पाणपक्षी, कपाळावर पांढरा टिळा असलेला, आबा म्हणायचे कपाळाला बुक्का-गंध लावून जो पाण्यात टाळ कुटत फिरतो त्याच्यावर बार टाकायला मी काय मुघल आहे का. (भावाला हे सांगितलं तर तो म्हणतो इथं वारकऱ्याची लिमिट दिवसाला १५ आहे. पंधरा! बदकं फक्त सहा.) चक्रवाकाच्या जोडीवर पण बार नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, डोळा दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. बदकाचा डोळा दिसला म्हणजे ते टप्प्यात आलं. नुसता आकार दिसतोय, पंख दिसतायत, तर गप बसायचं.

मला स्वतःला आठवतं ते ताट. म्हणजे शिकार बंद झाल्यावरच माझा जन्म, पण वडील आणि काका हे इतक्या वेळा सांगतात की आता ते मलाच आठवतं असं वाटतं. आजी बदकाचा रस्सा करायची, काळा मसाला घालून, आणि चुलीमागे बसलेल्या पोरांना ताकीद असायची, हळू चावा. मग कुणाच्या तरी दाताखाली कच्च व्हायचं आणि तो छर्रा पितळी ताटाच्या काठावर टण्ण करून टाकायचा. ज्याच्या ताटात जास्त छर्रे तो जिंकला. काकांचा रेकॉर्ड सातचा आहे. चपटे झालेले, करडे, नखानं दाबलं तर खूण उमटेल इतके मऊ. शिसं ते. कुणाला काय माहीत तेव्हा.

आता मुद्द्यावर येतो, कारण वाचून वाचून मला जे कळलं ते असं की काडतूस निवडताना नंबर हा शेवटून दुसरा प्रश्न आहे आणि आपण सगळे तिथूनच सुरू करतो.

पहिला प्रश्न छर्रा कशाचा. शिसं जड, एका घन सेंटिमीटरला ११ ग्रॅमच्या वर. जड गोळी हवेत वेग टिकवून धरते, लांबपर्यंत जोरात जाते, शिवाय स्वस्त, शिवाय मऊ म्हणून नळीला त्रास नाही. बंदुकीच्या दृष्टीनं याच्याइतकं सोयीचं काही नाही. घोळ पुढे होतो. एका काडतुसात दोनेकशे छर्रे, त्यातले बदकाला लागतात पाच-सहा, बाकीचे पाण्यात, गाळात. बदकाला दात नाहीत, ते बारीक खडे गिळतं आणि पेट्यात दाणे त्या खड्यांनी दळतं (चिकनवाल्याकडे कलेजी-पेटा घेता ना, तोच पेटा). तळाशी चरताना त्याला छर्रा म्हणजे खडा किंवा बी वाटतं. गिळतं. पेट्यात तो छर्रा खड्यांवर घासून झिजतो, आम्लात विरघळतो आणि रक्तात जातो. पंख लोंबायला लागतात, विष्ठा हिरवी होते, उडता येत नाही, आणि बंदूक न लागता ते बदक दोन-तीन आठवड्यांत मरतं. एखाद-दुसरा छर्रा पण पुरतो. मग ते मेलेलं किंवा लुळं बदक गरुड खातो आणि गरुडाला पण तेच. अमेरिकेत १९८७ पासून टप्प्याटप्प्यानं आणि १९९१ पासून देशभर बदकांच्या शिकारीला शिसं बंद झालं त्यात या टकल्या गरुडाचा, त्यांच्या राष्ट्रीय पक्ष्याचा, मोठा वाटा होता. इंग्लंडमध्ये १९९९, आणि युरोपियन युनियननं पाणथळ जागांवर २०२३ पासून.

हे वाचलं त्या रात्री मी एक हिशोब केला आणि झोप उडाली. आबांच्या काडतुसात साधारण ३० ग्रॅम छर्रे. एका डबीत २५ काडतुसं. म्हणजे एक डबी उडवली की पाऊण किलो शिसं नांदूरच्या पाण्यात. आबा हिवाळ्यात किती डब्या उडवत असतील, आणि ते काही एकटे नव्हते. शिसं सडत नाही. आबांनी चक्रवाकाच्या जोड्या सोडल्या, वारकरी सोडले, आणि त्यांच्याच खाण्यात हे पेरत राहिले. त्यांना दोष देत नाही, भरतपूरला १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले ते तिथं दगडावर कोरून ठेवलंय, त्या एका दिवसात गाळात किती शिसं गेलं याचा हिशोब मात्र कुठल्या दगडावर नाही.

तर शिसं गेलं. उरलं काय, तर स्टील. स्वस्त, सगळीकडे मिळतं, पण हलकं, घन सेंटिमीटरला आठच्या जरा खाली. हलकं म्हणजे टेबल टेनिसचा चेंडू आणि गोटी, दोन्ही सारख्याच जोरात फेका, चेंडू लवकर दमतो, तसंच. म्हणून दोन उपाय करतात. एक, छर्रा दोन नंबर मोठा घ्यायचा, म्हणजे शिशात चार नंबर घेत असाल तर स्टीलमध्ये दोन. (नंबर जितका कमी तितका छर्रा मोठा, हे उलटं गणित आहे. अमेरिकन नंबर १७ मधून वजा केला की इंचाच्या शंभराव्या भागात जाडी मिळते, दोन नंबर म्हणजे १५, म्हणजे ०.१५ इंच. इंग्रजी नंबर वेगळे, त्यांचा पाच म्हणजे साधारण अमेरिकन सहा. आबांचा सहा इंग्रजी होता, म्हणजे मी भावाला सांगितलेला सहा त्या अर्थानं पण चुकीचाच.) दुसरा उपाय, वेग वाढवायचा, शिशाचं काडतूस सेकंदाला १२००-१३०० फुटांवर असतं तर स्टीलचं १४०० ते १५५०.

मग बिस्मथ, घनता ९.६ च्या आसपास, मऊ, शिशाच्या स्वभावाच्या जवळ, किमतीला स्टीलच्या दुप्पट-तिप्पट. आणि टंगस्टन, १८ वगैरे घनता, शिशापेक्षा पण जड, इतका की नऊ नंबरचा मोहरीएवढा छर्रा बदक पाडतो, पण एका काडतुसाच्या पैशात आपल्याकडे दोन माणसं पोटभर मिसळ खातील आणि वर ताक पितील. भावाचा तो गोरा मित्र टंगस्टनचाच भक्त आहे. मला विचाराल तर नवशिक्यानं टंगस्टन घेणं म्हणजे सायकल येत नाही म्हणून बुलेट घेण्यासारखं आहे. चार बार हवेत जाणारच आहेत, ते स्वस्तातले जाऊदेत.

दुसरा प्रश्न बंदूक कुठली. हा भावाला सोपा होता, त्याची नवीन पंप अ‍ॅक्शन, तीन इंची चेंबर (नळीचा मागचा भाग, काडतूस बसतं तो), स्टील चालेल असं नळीवर कोरलेलंच. पण आमच्या घरातल्या दुनळीसाठी हाच प्रश्न जीवघेणा आहे आणि हे लोकांना खरंच माहीत नसतं म्हणून जरा थांबतो. जुन्या विलायती बंदुकांचे चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर. आज सगळीकडे ७० मिलिमीटरचं काडतूस. ते त्या जुन्या बंदुकीत बसतं! व्यवस्थित बसतं, बंदूक बंद होते, काही कळत नाही. कारण काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतरची, तोंडाची घडी उलगडल्यावरची असते. उडवलं की ती घडी पुढे उलगडते तिथं चेंबर संपून नळी अरुंद व्हायला लागलेली असते, वाट अडते, दाब वाढतो. त्यात स्टील असेल तर अजून वाईट, जुन्या काडतुसात छर्ऱ्यामागे नुसता नमदा असायचा, आता स्टीलभोवती जाड प्लॅस्टिकचा पेला असतो नळी खरवडू नये म्हणून, तरी आबांच्या डाव्या नळीचा फुल चोक, तोंड आवळलेलं, त्यातून न दबणारं स्टील कोंबायचं म्हणजे नळी फुगणार किंवा फाटणार. शिसं दबून निघून जायचं, स्टील दबत नाही.

अजून एक. विसाचं काडतूस (वीस बोअरचं, बारापेक्षा बारीक) बाराच्या बंदुकीत चुकून टाकलं तर ते खाली पडत नाही, आत सरकून नळीत अडकतं, मागनं बघितलं तर चेंबर रिकामा दिसतो, माणूस वरून बाराचं टाकतो, आणि मग हात जातो. म्हणून विसाची काडतुसं पिवळीच करतात. खिशात दोन्ही एकत्र ठेवायचीच नाहीत.

सप्टेंबरअखेर काकूला एकटीला विमानात बसायची भीती वाटत होती म्हणून मी सोडायला गेलो, आणि पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी भावानं मला गाडीत घालून मित्राच्या शेतावर नेलं. मला वाटलं शिकारीला. नाही, पुठ्ठ्याला. फ्रीजचा मोठा पुठ्ठा लाकडी चौकटीला ठोकला, ४० यार्ड मोजून मागं आलो, कानाला मफ, आणि त्यानं एकेक बार काढला. मी स्केच पेन घेऊन बसलो. बार पडल्यावर जिथं सगळ्यात दाट भोकं दिसतात ते मध्य धरून ३० इंचाचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची, मोजलेल्या भोकावर टिंब, नाहीतर विसरायला होतं. सव्वा औंस दोन नंबर स्टील म्हणजे साधारण १५६ छर्रे. मॅलार्डसारख्या मोठ्या बदकाला वर्तुळात ८५-९० हवेत असं तिथले जाणते मानतात, नाहीतर मध्ये मध्ये बदकाएवढी खिंडारं राहतात आणि पक्षी जखमी होऊन जातो, मरत नाही.

इथं गंमत झाली. सगळ्यात वेगवान, सगळ्यात महाग, डबीवर वीज चमकतानाचं चित्र असलेली १५५० वाली काडतुसं, त्यांनी पुठ्ठ्यावर नुसती चाळण केली, वर्तुळात ७१. आणि साधी १४०० वाली, त्याच चोकला, ११२. आम्ही परत मारून बघितलं, ७६ आणि १०८. चोक बदलला, मॉडिफाइडच्या (अर्धवट आवळलेल्या) जागी त्याहून मोकळा, तर साध्यांचे पण ८३ वर आले. फुल चोक स्टीलला नको असं बंदुकीच्या पुस्तकातच होतं म्हणून त्याला हात लावला नाही. म्हणजे दुकानदार, मित्र, मी, इंटरनेट, सगळ्यांचा सल्ला एका बाजूला आणि त्या पुठ्ठ्याचा एका बाजूला, आणि दुसऱ्या बंदुकीत कदाचित उलटं पण येईल. भाऊ तोंड पाडून बघत होता, महागाच्या चार डब्या घेऊन ठेवल्या होत्या ना.

शेवटी ठरलं असं. सुरुवातीच्या दिवसांत छोटी बदकं, टील, वूड डक, पाण्यात तरंगत ठेवलेल्या नकली बदकांवर २०-३० यार्डात येतात, त्यांना चार नंबर स्टील. थंडी वाढली की मोठे मॅलार्ड, त्यांना दोन नंबर. रानहंसाला (गूज) बीबी, म्हणजे अजून मोठा छर्रा, पण तो पुढच्या वर्षी. सगळी तीन इंची, साडेतीन इंची त्याच्या तीन इंची चेंबरला चालतच नाहीत आणि गरजही नाही.

शिकारीच्या सकाळी मी नुसता बसलो होतो, लायसन नाही काही नाही, थर्मास सांभाळायला. लव्हाळ्याच्या आडोशामागे, गुडघाभर चिखल, थंडी म्हणाल तर निफाडची डिसेंबरातली बरी. तिकडचं सगळं नियमात. १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक शिकाऱ्याला २५ डॉलरचं बदकाचं चित्र असलेलं तिकीट घ्यावं लागतं, १९३४ पासून चालू आहे, आणि त्यातले जवळजवळ सगळे पैसे पाणथळ जागा विकत घ्यायला, राखायला जातात. बंदुकीत तीनच काडतुसं मावतील अशी खुंटी घातलेली. सूर्योदयाला अर्धा तास उरेपर्यंत बार नाही, भाऊ घड्याळ बघत बसलेला.

मग पंखांची शीळ घालत मॅलार्ड आले. सहा-सात, उंच. मित्रानं पिपाणी वाजवली, ते वळले, पुन्हा वळले. भावाची बंदूक वर गेली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "थांब. डोळा दिसत नाही." मराठीत. तो थांबला. मित्र बघायला लागला की हे काय चाललंय. ते एक फेरी मारून गेले, परत आले, खाली, पाय सोडून, आणि मला त्या पुढच्या नराचा हिरवं डोकं आणि त्यातला काळा मणी स्वच्छ दिसला. "आता." एक बार. चार नंबर. पाण्यावर पडला तो हललाच नाही, कुत्रं जाऊन घेऊन आलं.

रात्री काकूनं रस्सा केला, काळा मसाला नाशिकहून नेला होता. तिनंच सगळ्यांना बजावलं, हळू चावा, आणि या वेळेला ते महत्त्वाचं होतं कारण स्टील चपटं होत नाही, दात जातो. भावाच्या पोरीला एक सापडला. टण्ण. तिनं फ्रीजला लावलेलं लोहचुंबक आणून त्याला चिकटवून दाखवला, शिसं असतं तर चिकटलं नसतं.

डिसेंबरात मी इकडे नांदूरच्या अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्यावर गेलो होतो, सकाळी सात वाजता, धुकं नुकतं उठलेलं, तलवार बदकं, थापट्या, आणि वारकरी तर शेकड्यानं, टाळ कुटत. भावाला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "दादा, हे पुढचं किती लांब असेल रे?"

मी दुर्बीण खाली केली, नुसत्या डोळ्यानं बघितलं. म्हटलं, "दिसत नाहीये डोळा."